पकडलेला किडा गेकोच्या तोंडी देण्याआधी

गेको, म्हणजे पालीच्या कुळातला सरडा, पाळायला घेतला की महिनाभरात हा प्रश्न पडतोच. विकतचे रातकिडे संपलेत, अंगणात नाकतोडे उड्या मारताहेत, मग त्यातलाच एक उचलून गेकोच्या काचेच्या टाकीत सोडला तर काय बिघडलं? निसर्गातले गेको हेच तर खातात! हा युक्तिवाद निम्मा बरोबर आहे. रानातला गेकोही विषारी किडे आणि जंत यांमुळे मरतो, फक्त ते कुणाला दिसत नाही. शिवाय तो ज्या किड्यांमध्ये वाढतो ते त्याच्या ओळखीचे असतात. टाकीत जन्मलेला लेपर्ड गेको समोर हललेल्या कशावरही झडप घालतो, आणि चव कळेपर्यंत किडा घशाखाली गेलेला असतो.

बाहेरून पकडलेल्या किड्याची खरी अडचण म्हणजे त्याचा इतिहास आपल्याला माहीत नसतो. त्यानं काय खाल्लं, कुठल्या फवाऱ्यातून तो उडून आला, त्याच्या पोटात कोणाची अळी आहे, हे वरून कळत नाही. धोका कमी करता येतो, शून्यावर आणता येत नाही. त्यामुळे नवख्यांनी पहिले सहा महिने या वाटेला जाऊच नये असं आमचं मत आहे. आपल्या गेकोची नेहमीची भूक, विष्ठा आणि वजन अंगवळणी पडलं की मगच बिघाड लवकर ओळखता येतो.

आधी गेको कोणता ते पाहा

लेपर्ड गेको आणि फॅट-टेल्ड गेको पूर्णपणे किड्यांवर जगतात, त्यामुळे किड्यांमधली विविधता त्यांच्या उपयोगाची असते. क्रेस्टेड आणि गार्गॉइल गेकोंना फळांवर आधारित तयार भुकटीचा आहार पूर्ण पुरतो, किडे हा त्यांचा वरचा खाऊ. त्यांच्यासाठी बाहेरचे किडे पकडणं म्हणजे गरज नसताना ओढवून घेतलेली जोखीम आहे.

पुढच्यांना तर बाहेरचा किडा अजिबात देऊ नका: सहा महिन्यांखालची पिल्लं, अंडी धरलेली मादी, नुकताच आणलेला आणि वेगळा ठेवलेला प्राणी, शेपूट बारीक झालेला किंवा आजारातून उठलेला गेको.

जंतांपेक्षा विषाची भीती जास्त

लोक जंतांना घाबरतात. जंत बहुतेक वेळा हळूहळू नुकसान करतात, विष्ठेच्या तपासणीत सापडतात आणि त्यांच्यावर औषध असतं. कीटकनाशक एका रात्रीत काम संपवतं.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. विष लागलेला किडा मंद होतो, जमिनीवर येतो, उलटा पडून पाय झाडतो, म्हणजेच तो सर्वात सहज हाती लागतो. धडधाकट नाकतोडा पकडताना तुमची दमछाक होते. दुपारच्या उन्हात जो किडा सहज चिमटीत येतो, तो सोडून द्यायचा. सकाळच्या गारव्यात मात्र चांगले किडेही सुस्त असतात, म्हणून सकाळी पकडलेल्यांची परीक्षा ते खोलीच्या उबेत आल्यावर घ्यायची.

काही विषं मुद्दामच उशिरा काम करणारी बनवलेली असतात. झुरळांसाठी लावतात ती जेल याच तत्त्वावर चालते. झुरळ ती खाऊन बिळात परततं, तिथे मरतं, आणि त्याची विष्ठा व प्रेत खाऊन बाकीची मरतात. म्हणजे टुणटुणीत पळणारं झुरळसुद्धा विष घेऊन फिरत असू शकतं. उंदीर मारायच्या औषधाचा प्रकार आणखी फसवा आहे. त्यातली रक्त पातळ करणारी रसायनं के जीवनसत्त्वाशी निगडित रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. किड्यांमध्ये ती यंत्रणा नसते, म्हणून झुरळं आणि भुंगेरे ते आमिष खाऊन मजेत जगतात. तो किडा किती दिवस निरीक्षणाखाली ठेवला तरी संशय येणार नाही.

बागेतल्या रोपांचंही तसंच. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडांना अनेकदा मुळांतून शोषलं जाणारं कीटकनाशक दिलेलं असतं. ते पानांच्या आत असतं, धुऊन जात नाही. नव्या रोपावरच्या अळ्या आणि मावा यांना म्हणूनच हात लावू नका.

हे किडे कधीच नाहीत

यादीत सर्वात वर काजवा. काजव्यांच्या काही जातींमध्ये ल्युसिबुफॅगिन नावाची द्रव्यं असतात. ती बेडकांच्या त्वचेतल्या विषाच्या जातकुळीतली असून थेट हृदयावर परिणाम करतात. पाळीव बिअर्डेड ड्रॅगन काजवे खाऊन मेल्याच्या नोंदी 1999 मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. तो सरडा गेकोपेक्षा कितीतरी मोठा असतो, तरी मोजके काजवे पुरले. सरडा डोकं झटकतो, तोंड वासतो, उलटीसारखे आचके देतो, अंग काळवंडतं आणि थोड्याच वेळात सगळं संपतं. कोणती जात विषारी आणि कोणती नाही हे ठरवत बसू नका. चमकणारा किडा, त्याची चमकणारी अळी आणि दिवसा दिसणारे त्याच्यासारखे मऊ पंखांचे भुंगेरे, सगळे वर्ज्य.

फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांत कॅन्थॅरिडिन असतं. हे विष किडा मेल्यावर आणि वाळल्यावरही टिकतं, म्हणून गोठवून काही उपयोग नाही. रुईसारख्या चिकाच्या झाडांवर वाढलेल्या अळ्या, फुलपाखरं आणि भडक रंगाचे नाकतोडे त्या चिकातली हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं अंगात साठवतात. लाल, नारिंगी, पिवळा, त्यावर काळे पट्टे किंवा ठिपके असा वेश दिसला की तो किडा जगाला ‘मला खाऊ नका’ असंच सांगत असतो. ठिपकेदार लेडीबगही याच पंथातला. तो डिवचला की सांध्यांतून कडू पिवळा द्रव सोडतो.

बाकीचे थोडक्यात सांगतो. केसाळ सुरवंट घशात आणि डोळ्यांत केस टोचवतात. मिलिपीड (गोमेसारखे असंख्य पायांचे लांबट जीव) दाहक द्रव सोडतात, काही जाती तर सायनाइडही. गोम, विंचू, कोळी, मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंग्या चावतात किंवा डंख करतात. दुर्गंधी सोडणारे ढेकणांच्या जातीचे किडे नकोत. गोगलगायी नकोत, कारण त्या गोगलगाय मारायच्या गोळ्या खाऊनही काही काळ जिवंत असतात, शिवाय कित्येक जंतांचं त्या वाहतुकीचं साधन आहेत. माशा नकोत, त्या कशावर बसून आल्या ते विचारूच नका.

आणि घरातलं झुरळ मुळीच नको. गटार, विष्ठा, विषारी जेल असा त्याचा नेहमीचा प्रवास. शिवाय गेकोच्या फुप्फुसात राहणारे रैलिएटिएला या गटातले परजीवी झुरळाच्या शरीरातूनच गेकोपर्यंत पोहोचतात. खाद्य म्हणून मुद्दाम पैदास केलेलं डुबिया झुरळ ही वेगळी गोष्ट आहे, दोघांत गल्लत करू नका.

मग चालेल काय?

फार थोडं. हिरवे किंवा मातकट रंगाचे, गवत खाणारे छोटे नाकतोडे. शेतातले रातकिडे. लहान, फिकट, बिनकेसांचे पतंग. आयसोपॉड, म्हणजे दगडाखाली सापडणारे आणि डिवचल्यावर गोळा होणारे राखाडी जीव. हे खरं तर किडे नव्हेत, कवचधारी प्राण्यांतले आहेत, आणि त्यांच्या कवचात कॅल्शियम भरपूर असतं. किडा नक्की ओळखता येत नसेल तर तो द्यायचा नाही, या नियमाला अपवाद करू नका.

पतंगांबाबत एक इशारा. रात्री दिव्याकडे येणारे पतंग बऱ्याच अंतरावरून आलेले असतात. तुमची बाग स्वच्छ असली तरी त्यांचं गाव कोणतं ते तुम्हाला ठाऊक नसतं. दिव्याखाली पकडण्यापेक्षा गवतात पकडलेले केव्हाही बरे.

पकडण्यापासून भरवण्यापर्यंत

1. जागा निवडा. जिथे निदान वर्षभर फवारणी, तणनाशक, डास मारायचं फॉगिंग आणि उंदराचं आमिष यांपैकी काहीच झालेलं नाही याची खात्री तुम्ही स्वतः देऊ शकता अशी जागा हवी. सार्वजनिक बाग, रस्त्याची कडा, गोल्फचं मैदान, पीक उभं असलेलं शेत आणि त्याचा बांध बाद. शेजाऱ्याला विचारायला लाजू नका, कारण त्याच्या कुंडीवरचा फवारा कुंपण पाहून थांबत नाही. परिसरात फॉगिंग झालं तर तो हंगाम सोडून द्या.

2. कापडी जाळीनं पकडा. गवताच्या टोकांवरून जाळी डावी-उजवीकडे झाडत पुढे जायचं आणि आठ-दहा फेऱ्यांनंतर तोंड मुडपून पाहायचं. छाननी करा: भडक, केसाळ, अनोळखी, लंगडे, अंगावर लाल ठिपक्यांएवढे माइट (किड्यांवर जगणारे बारीक परजीवी) चिकटलेले सगळे जागेवरच सोडा. एका वेळी दहा-पंधरापेक्षा जास्त नेऊ नका.

3. आकार पाहा. किड्याची रुंदी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. मोठ्या किड्यानं घास अडकतो, उलटी होते किंवा अन्न नीट पचत नाही.

4. तीन दिवस वेगळे ठेवा. साधारण 20 सेंटीमीटर लांबीचा पारदर्शक डबा, झाकणाला बारीक धातूची जाळी (रातकिडे कापडी जाळी कुरतडतात), आत अंड्यांच्या खोक्याचे तुकडे आणि खाली कोरा कागद. तापमान 25 ते 28 अंश सेल्सियस. खायला सोललेल्या गाजराचा तुकडा आणि ओट्सचा भरडा. पाण्याची वाटी नको, किडे बुडतात, गाजरातला ओलावा पुरतो. रोज सकाळी मेलेले मोजा. एकालाही थरथर, तोल जाणं, उलटं पडून पाय झाडणं असं काही दिसलं, किंवा दहातले दोन मेले, तर अख्खी खेप टाकून द्यायची. ‘उरलेले बरे दिसतात’ या मोहात पडू नका, ते एकाच गवतातून आलेत.

या 72 तासांत आधीचं खाणं पोटातून निघून जातं आणि तुम्ही दिलेलं भरतं. झटपट मारणारी कीटकनाशकंही बहुधा या काळात आपलं रूप दाखवतात. हळू काम करणारी विषं आणि जंतांच्या अळ्या मात्र दिसत नाहीत. म्हणून पहिली पायरी सर्वात महत्त्वाची, चौथी तिची जागा घेऊ शकत नाही. कधी डब्यात लांब, काळपट, केसासारखा जंत वळवळताना दिसतो. तो केसजंत, त्याचं लक्ष्य किडाच असतो, गेको नव्हे, पण असा किडा भरवू नये हे सांगायला नको.

5. तयारी. मोठ्या नाकतोड्याच्या मागच्या पायांचा काटेरी भाग चिमट्यानं काढा, तो टाळूला आणि घशाला ओरखडतो. मग किडा छोट्या डब्यात कॅल्शियमच्या भुकटीत हलकेच घोळवा. रातकिड्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण साधारण 1:9 असतं, गेकोला ते निदान 1:1, शक्यतो 2:1 हवं. रानातला किडा जास्त पौष्टिक असेल म्हणून भुकटी सोडली तर हाडं मऊ पडायचा आजार येतोच, तो किडा कुठून आला हे विचारत नाही.

6. पहिल्यांदा एकच किडा, तोही चिमट्यानं. नंतर चार दिवस नेहमीचं खाद्य द्या आणि लक्ष ठेवा. सगळं ठीक असेल तर पुढे आठवड्यातून एकदा, एका खेपेला एक-दोन. मोठा लेपर्ड गेको आठवड्यात दोन-तीनदा जेवतो, त्या जेवणांचा कणा पैदास केलेलेच किडे असले पाहिजेत.

7. न खाल्लेला किडा 15-20 मिनिटांत बाहेर काढा. रानातल्या रातकिड्याचे आणि हिरव्या टोळांचे जबडे दणकट असतात, झोपलेल्या गेकोच्या पापण्या आणि बोटं ते कुरतडतात. टाकीत मोकळा राहिलेला किडा विष्ठाही खातो, आणि तोच नंतर खाल्ला गेला की जंतांचं चक्र टाकीतच फिरू लागतं. हे विकतच्या किड्यांनाही तितकंच लागू आहे.

धुणं, गोठवणं आणि बाकीचे समज

किडे पाण्यानं धुतल्यानं वरची धूळ जाते, आतलं विष नाही. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवल्यानं जंतांच्या बऱ्याच अळ्या मरतात, पण प्रत्येक जंतू आणि अंडं मरेलच असं नाही. रसायनांवर तर काहीच परिणाम होत नाही. त्यात गोठलेला किडा हलत नाही, आणि न हलणाऱ्या खाद्याकडे बरेच गेको ढुंकूनही पाहत नाहीत.

‘दुकानातले किडे निर्जंतुक असतात’ हा समज उलट्या बाजूनं चुकीचा. त्यांच्यातही जंत आणि रोग असतात. फरक इतकाच की त्यांच्यावर फवारणी झालेली नसते आणि त्यांनी काय खाल्लं ते बऱ्यापैकी माहीत असतं. याच कारणानं पकडलेले किडे घरच्या रातकिड्यांच्या डब्यात कधीही मिसळू नका, माइट किंवा विषाणूनं सगळी वसाहत बसते.

सर्वात भरवशाचा उपाय: पकडलेला नव्हे, त्याची पिल्लं

बाहेरचे किडे वापरायचेच असतील तर ही वाट धरा. ज्या जंतांना किडा मधला यजमान म्हणून लागतो, त्यांच्या अळ्या किड्याच्या पोटात किंवा स्नायूंत असतात, अंड्यांतून त्या पुढच्या पिढीत जात नाहीत. स्वच्छ खाद्यावर वाढलेल्या पिल्लांच्या अंगात विषही नसतं. म्हणजे इतिहास अज्ञात असलेला किडा फक्त आईबाप म्हणून वापरायचा, खाद्य म्हणून नाही.

रातकिड्यांसाठी तीन दिवस वेगळे ठेवलेले सहा-सात माद्या आणि तीन-चार नर घ्या. मादीच्या पाठीमागे सुईसारखी लांब अंडनळी असते, गातो तो नर. 40 लिटरचा उभा, गुळगुळीत डबा, अंड्यांचे खोके, तापमान 28 ते 30 अंश. एका वाडग्यात 5 सेंटीमीटर खोल ओलसर नारळाचा भुसा भरून ठेवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये. आठवड्यानं वाडगा उचलून दुसऱ्या स्वच्छ डब्यात हलवा आणि आईबापांना त्यात जाऊ देऊ नका. साधारण 10 ते 14 दिवसांत 2-3 मिलिमीटरची पिल्लं बाहेर येतात, सहा-आठ आठवड्यांत पूर्ण वाढतात. अंडी न फुटण्याचं नेहमीचं कारण भुसा वाळणं, दुसरं बुरशी. थंड प्रदेशातल्या काही शेतातल्या रातकिड्यांची अंडी हिवाळा सोसल्याशिवाय फुटत नाहीत, तिथे हा खटाटोप सोडून विकतची जात घ्यावी.

आयसोपॉड आणखी सोपे. पंधरा-वीस जीव, 5-7 सेंटीमीटर मातीत कुजलेली कोरडी पानं, अर्धी बाजू ओली आणि अर्धी कोरडी, कॅल्शियमसाठी कटलबोनचा (कटलफिश या समुद्री जीवाच्या आतल्या कवचाचा) तुकडा. इथे घाई करू नका, वसाहत भरायला तीन-चार महिने लागतात.

विष्ठा आणि वजन

बाहेरचे किडे सुरू करण्याआधी विष्ठेची एक तपासणी करून घ्या, नाहीतर नंतर सापडलेला जंत आधीचा की नवा ते कळणार नाही. नमुना ताजा, 24 तासांच्या आतला हवा. वाळू नये म्हणून बंद डबीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, गोठवू नका. जंतांची अंडी रोज पडत नाहीत, म्हणून काही दिवसांच्या अंतरानं तीन नमुने दिले तर उत्तम. क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी नेहमीच्या तपासणीत सहज निसटतो, त्यासाठी पीसीआर चाचणी वेगळी मागावी लागते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणी. वजन दर आठवड्याला एकाच वेळी, ग्रॅममध्ये; महिन्यात दहा टक्के घट झाली किंवा शेपूट बारीक होऊ लागली तर पशुवैद्य गाठा.

काही बिघडलं तर

अंग थरथरणं, लाळ गळणं, तोल जाणं, तोंड सतत वासणं, रंग अचानक गडद होणं, आचके. यातलं एकही लक्षण किडा खाल्ल्यानंतर काही तासांत दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याला लगेच फोन करा. उलटी करवू नका, तोंडात पाणी, तेल, दूध काही ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं. कोळशाची भुकटी द्यायची की नाही हेही तेच ठरवतील. गेकोला झाकण असलेल्या डब्यात कोरड्या कागदी रुमालावर ठेवा, तापमान नेहमीचंच राहू द्या, अति ऊब नको आणि गारवाही नको. किड्याचा फोटो, तो कुठे आणि कधी पकडला, किती खाल्ले आणि किती वाजता, हे लिहून सोबत न्या. त्याच खेपेतले उरलेले किडे फेकू नका, बंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. उलटी झाली असेल तर तिचाही नमुना तसाच ठेवा, विष कोणतं ते शोधायला तोच कामी येतो.